ठिपक्याआधीचे दिवस

व्यापारी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका म्हणजे घराची दुसरी वहीच असते. दूध किती आले, गॅसची टाकी कधी लावली, मोलकरणीचे खाडे किती झाले, अष्टमी-चतुर्दशी कोणत्या वारी आहे, वसुलीसाठी कोणत्या गावाला कधी जायचे, हे सारे त्या चौकटींत बारीक अक्षरांत नोंदलेले असते. त्याच पानावर महिन्यातून एकदा, एकाही अक्षराविना, पेन्सिलीचा एक छोटा ठिपका उमटतो. त्याचा अर्थ घरातील प्रत्येकास ठाऊक असतो आणि कोणी तो बोलून दाखवीत नाही. त्या दिवसापासून पुढचे तीन दिवस घराची व्यवस्था बदलते. देवघर, स्वयंपाक आणि मंदिर यांची कामे दुसऱ्या हातांकडे जातात. ज्या घरांत ही रीत आता सैल झाली आहे, तेथेही ठिपका मात्र टिकून आहे.

या तीन दिवसांचा हिशेब असा सर्वांस ठाऊक असतो. परंतु त्यांच्या आधीचे आठ-दहा दिवस कोणाच्याच खात्यावर नसतात. अनेक स्त्रियांना नेमक्या याच दिवसांत स्तन जड, भरलेले आणि दुखरे वाटू लागतात. प्रथम नुसता ताण जाणवतो. पुढे वरच्या बाहेरील भागात, काखेच्या बाजूस ठणका लागतो आणि कधी तो दंडापर्यंत उतरतो. हात लावून पाहिल्यास आतला भाग कापडी पिशवीत भरलेल्या मुगासारखा दाणेदार लागतो. दुचाकी खड्ड्यातून गेली, शाळेतून आलेल्या मुलाने धावत येऊन मिठी मारली किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना कोपर लागले, की जीव कळवळतो. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत हे सारे ओसरते, विसरले जाते आणि पुढच्या महिन्यात त्याच सुमारास पुन्हा दारात उभे राहते. वैद्यकशास्त्र यास चक्रीय स्तनवेदना म्हणते. घरात तिला ‘छाती भरून येणे’ म्हणतात. बहुतेक घरांत तेवढेही म्हणत नाहीत.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कापडाचा व्यापार करणाऱ्या कुटुंबातील धाकट्या सुनेची हकीकत या मौनाचे मोल सांगणारी आहे. वय ३४, दोन मुले, दुकानाच्या संगणकावरील विक्रीकराचे सारे काम तिच्या हाती. कॉलेजात असताना तिने आपल्या सख्ख्या आत्याला स्तनाच्या कर्करोगाने जाताना पाहिले होते. त्यामुळे छातीत पहिल्यांदा ठणका लागला तेव्हा तिच्या मनाने एकच साखळी जुळवली : दुखते म्हणजे गाठ, गाठ म्हणजे कर्करोग. रात्री सर्व निजल्यावर ती हाताने चाचपून पाही. चाचपल्याने अधिक दुखे आणि अधिक दुखल्याने भीती वाढे. पाळी आली की वेदना जाई आणि तिला सुटल्यासारखे वाटे. दोन आठवड्यांनी तीच वेदना परत आली की ‘आता वाढलेच असणार’ असे वाटे. असे पाच महिने गेले. नवऱ्याला सांगितले नाही, कारण लग्नसराईचा माल भरायचे दिवस होते. माहेरी सांगितले नाही, कारण तेथे आत्याचे दुःख अजून ओले होते.

हे प्रथम ध्यानात आले ते सासूबाईंच्या. मोठ्या जावेचे वर्षाचे बाळ ती हल्ली अंगाशी धरीत नसे. दोन्ही हातांवर, थोडे लांबूनच घेत असे.

“अगं, बाळाला तू अशी लांबून का घेतेस? काही दुखतंय का तुला?”

“काही नाही आई.”

“काही नाही म्हणायचं हे मीच शिकवलंय तुम्हा दोघींना. आता खरं सांग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, दोघी गावातील डॉक्टरबाईंकडे गेल्या. डॉक्टरबाईंचे प्रश्न साधे होते. दुखणे दोन्हीकडे आहे की एकीकडे? एकाच बोटाने दाखवता येते की सगळीकडे पसरते? पाळीच्या आधी किती दिवस सुरू होते? पाळी आल्यावर पूर्ण थांबते की थोडे उरते? गेल्या महिन्यात किती दिवस दुखले? दुकानातील तीन वर्षांपूर्वीची थकबाकी तोंडपाठ असलेल्या या सुनेला यांपैकी एकाही प्रश्नाचे ठाम उत्तर देता आले नाही. भीती एवढी मोठी होती की तिच्या आड दुखण्याचे स्वरूप कधी पाहिलेच गेले नव्हते.

डॉक्टरबाईंनी बसवून व निजवून दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळपट्टीच्या हाडावरचा भाग तपासला. वेगळी अशी गाठ हाताला लागली नाही. आत्याचा इतिहास असल्यामुळे सोनोग्राफीही करून घेतली. तीही निर्दोष आली. (कर्करोगाच्या बाबतीत आईकडचे नाते तेवढे मोजायचे असते, हा समज चुकीचा आहे. आत्या आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, यांचा इतिहासही डॉक्टरांना आवर्जून सांगावा.) औषधाची चिठ्ठी मात्र त्या दिवशी मिळाली नाही. त्याऐवजी एक कोरा कागद पुढे आला आणि त्यावर दोन महिने रोज एक चौकट भरून आणण्यास सांगण्यात आले.

या साध्या कागदामागे बराच इतिहास आहे. पाळीपूर्व स्तनवेदना ही काही आजची गोष्ट नव्हे. लंडनचे प्रख्यात शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८२९ साली स्तनविकारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हाही अशा वेदनेने त्रस्त स्त्रिया वैद्यांकडे येत होत्याच. परंतु पुढे दीर्घकाळ या तक्रारीची बोळवण ‘मनाचे खेळ’ या दोन शब्दांत होत राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्समधील कार्डिफ येथील शल्यचिकित्सकांनी या एकाच तक्रारीसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालविला आणि प्रत्येक रुजलेली समजूत तपासून पाहिली. १९७८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात स्तनवेदनेच्या रुग्ण स्त्रियांची मानसिक चाचणी घेऊन तिची तुलना पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांशी केली. दोन्ही गटांच्या मनःस्थितीत उल्लेखनीय अंतर दिसले नाही. पायाच्या शिरांना कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही. मग छातीच्या दुखण्यालाच का म्हणावे?

दुसरी समजूत पाण्याची. पाळीआधी अंगात पाणी साठते, त्यामुळे स्तन फुगतात, म्हणून लघवी वाढविणाऱ्या गोळ्या द्याव्यात, असा प्रघात होता. त्याच कार्डिफच्या वैद्यांनी शरीरातील एकूण पाणी मोजून पाहिले, तेव्हा वेदना असलेल्या स्त्रियांच्या अंगात पाणी अधिक साठते असे काही आढळले नाही. म्हणून या गोळ्यांना आता या दुखण्याच्या उपचारात स्थान नाही. तरीही अधूनमधून त्या कोणी सुचविताना दिसते, हे आश्चर्य आहे.

मग होते तरी काय? पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास सर्वसाधारण चक्रात चौदाव्या दिवसाच्या आसपास अंडाशयातून बीज सुटते. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके रक्तात असतात. पहिल्याचा परिणाम मुख्यतः दुग्धनलिकांवर, दुसऱ्याचा दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिंडांवर होतो. संभाव्य गर्भधारणेची ही शरीराची दरमहा होणारी तयारी होय. दुकानाने सणाआधी माल भरून ठेवावा तसे. या काळात स्तनांतील रक्तपुरवठा वाढतो, ऊती किंचित सुजतात आणि स्तनांचे आकारमान खरोखरच थोडे वाढते. गर्भ न राहिल्यास संप्रेरके खाली येतात, पाळी सुरू होते आणि भरलेला माल उतरतो. ही घडामोड प्रत्येक स्त्रीत होते. काहींना ती जाणवतही नाही, काहींना असह्य होते. रक्त तपासले तर या दोघींची संप्रेरके बहुधा सारख्याच प्रमाणात निघतात. फरक संप्रेरकांच्या मात्रेपेक्षा त्यांना ऊती किती तीव्र प्रतिसाद देतात यात असावा, असे मानले जाते. म्हणूनच या दुखण्यासाठी संप्रेरकांच्या महागड्या रक्ततपासण्या करण्यात सहसा काही अर्थ नसतो.

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फायब्रोसिस्टिक’ हा शब्द आला की घरात धावपळ उडते. ह्यूज, मॅन्सेल आणि वेब्स्टर या कार्डिफच्याच तिघांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात असे मांडले की, स्तनांतील दाणेदारपणा, लहान पाण्याच्या गाठी, पाळीआधीची वेदना हे बव्हंशी रोग नव्हेत. वाढ आणि ओसर यांच्या नैसर्गिक क्रमातील लहानमोठे चढउतार आहेत. निरोगी आणि रोगी अशा दोन पेट्या नसून मध्ये एक मोठा पट्टा आहे आणि बहुतेक स्त्रिया त्या पट्ट्यावर कोठेतरी असतात. त्या एका शब्दावरून सुनेला ‘आजारी’ ठरविण्याआधी एवढे ध्यानात घेतले तर पुष्कळ मनस्ताप वाचेल.

आता त्या कागदाविषयी. कार्डिफच्या वैद्यांनीच रूढ केलेली ही पद्धत आहे. महिन्याच्या प्रत्येक तारखेस एक चौकट. त्या दिवशी तीव्र दुखले तर चौकट पूर्ण काळी करायची, थोडे दुखले तर अर्धी, मुळीच दुखले नाही तर कोरी ठेवायची. पाळीचे दिवस वेगळ्या खुणेने दाखवायचे. रात्री निजण्यापूर्वी अर्ध्या मिनिटाचे काम. अट एकच की, नोंद त्याच दिवशी करावी. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेला रोजमेळ आणि रोजच्या रोज लिहिलेला रोजमेळ यांतील अंतर व्यापाऱ्याच्या घरात समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. स्मरण नेहमी मोठ्या दुखण्याच्या बाजूने झुकते. चांगले गेलेले दिवस जमेस धरले जात नाहीत.

सुनेने दुकानातील जुन्या लाल बांधणीच्या वहीची मागची पाने त्यासाठी घेतली. चौकटी आखून दिल्या तिच्या नवऱ्याने. पट्टी लावून, सरळ. कशासाठी आखतो आहोत हे त्याला त्याच रात्री कळले. पाच महिने कळले नव्हते. तो काही वेळ बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “गठ्ठे उचलायला पोऱ्याला सांगत जा. तू नको उचलूस.”

दोन महिने भरले आणि त्या वहीत जे दिसले ते कोणाही हिशेबनीसाला एका दृष्टीत कळावे असे होते. पाळीपासून सतराव्या दिवसापर्यंत चौकटी कोऱ्या. अठराव्या दिवसापासून अर्ध्या काळ्या. शेवटचे चार-पाच दिवस पूर्ण काळ्या. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कोऱ्या. दुसऱ्या महिन्यात तेच चित्र, केवळ काळ्या चौकटी दोनने कमी. दुखणे दोन्ही बाजूंस होते आणि तारखेस बांधलेले होते. कर्करोगाची गाठ दिनदर्शिका पाहून वाढत-ओसरत नाही. पाळीबरोबर येणारी आणि पाळीबरोबर जाणारी, दोन्ही बाजूंची पसरट वेदना ही कर्करोगाची ओळख नव्हे. किंबहुना स्तनाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखतच नाही, आणि न दुखणारी गाठच अधिक फसवी असते.

हे कळल्यावर तिच्या वेदनेचे निम्मे ओझे उतरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. नीट तपासून ‘हा कर्करोग नाही’ असे समजावून सांगितले, की बहुसंख्य स्त्रियांना पुढे औषधाची गरज वाटत नाही, हा सर्वत्र आलेला अनुभव आहे. वेदना राहते, पण तिचा अर्थ बदलतो. अनेकींमध्ये काही महिन्यांनी ती आपोआप कमीही होते.

ज्यांना तरीही आधार हवा असेल त्यांनी आरंभ अंतर्वस्त्रापासून करावा. हे लिहिण्यास संकोच वाटावा असे काही नाही. कापडाच्या पेठेत जन्म गेलेल्या कुटुंबांतही स्त्रिया वर्षानुवर्षे चुकीच्या मापाची, पट्टे सैल झालेली ब्रेसिअर वापरतात, कारण माप घेऊन विकत घेण्याची सवयच नाही. नीट मापाची, खालून आधार देणारी ब्रेसिअर दिवसा, आणि त्या आठ दिवसांत रात्रीही मऊ सुती ब्रेसिअर घातल्यास अनेकींना चांगला उतार पडतो. वेदनाशामक डायक्लोफिनॅकचा मलम दुखऱ्या भागावर चोळल्याने लाभ होतो असे चाचण्यांत आढळले आहे, आणि पोटातून घेतलेल्या गोळीपेक्षा त्याचे दुष्परिणाम कमी असतात; मात्र गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याविना तो लावू नये. वेदनाशामक गोळी उपवासात, रिकाम्या पोटी घेऊ नये. चौविहार पाळणाऱ्यांनी ती सायंकाळच्या जेवणासोबतच घेण्याचे वेळापत्रक डॉक्टरांशी आधी बोलून ठरवावे. चहा-कॉफी सोडणे, मीठ कमी करणे यांविषयी पुष्कळ बोलले जाते, परंतु त्यास भक्कम पुरावा नाही. सोडून पाहण्यास हरकत नाही. सोडूनही दुखले तर स्वतःस दोष देऊ नये.

ईव्हनिंग प्रिमरोज या फुलाच्या तेलाच्या कॅप्सूल या दुखण्यावर फार लोकप्रिय आहेत. त्यांविषयी समाजातील वाचकांनी दोन गोष्टी अवश्य जाणून घ्याव्यात. ब्रिटनमध्ये हे तेल स्तनवेदनेवरील औषध म्हणून अधिकृतपणे दिले जात असे. २००२ साली तेथील औषध नियामकांनी परिणामकारकतेचा पुरावा अपुरा ठरवून तो परवाना काढून घेतला. दुसरी गोष्ट कवचाची. या तेलाच्या, तसेच ई जीवनसत्त्वाच्या मऊ चकचकीत कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांची कातडी व हाडे यांपासून बनते. आत फुलाचे तेल आहे एवढ्यावरून कॅप्सूल निरामिष ठरत नाही. ज्या घरांत कंदमूळ वर्ज्य आहे त्या घरांत ही कॅप्सूल महिनोन्‌महिने नकळत घेतली जाते. डब्यावरील घटकांची यादी वाचावी, आणि ती सोडल्याने उपचारात मोठी उणीव राहत नाही हेही जाणून असावे.

वेदना तीव्र असेल, दर महिन्यास आठवडाभर कामकाज अडत असेल आणि दोन-तीन महिन्यांच्या नोंदींतून ते स्पष्ट दिसत असेल, तर डॉक्टर संप्रेरकांवर काम करणारी औषधे देतात. डॅनाझॉल हे जुने औषध गुणकारी आहे, पण त्याने पाळी अनियमित होते, अंगावर लव वाढते आणि आवाज घोगरा होऊ शकतो. तो कधीकधी तसाच राहतो. टॅमॉक्सिफेन अल्प मात्रेत वापरतात. आपल्या देशाचे म्हणावे असे औषध म्हणजे ऑर्मेलॉक्सिफिन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ते शोधले. ‘सहेली’ आणि सरकारी कार्यक्रमातील ‘छाया’ या नावांनी ते संततिनियमनासाठी परिचित आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शल्यचिकित्सकांनी स्तनवेदनेवर त्याचा उपयोग अभ्यासला आणि तो लाभदायक आढळला. ते घेताना पाळी लांबू शकते आणि अर्थातच गर्भ राहत नाही. ज्या घरात नातवंडाची वाट पाहिली जात असेल तेथे हे सुनेला आधीच माहीत असायला हवे. नंतर कळून उपयोग नाही. यांपैकी कोणतेही औषध शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेण्याचे नव्हे.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणले जाणारे आणखी एक औषध या विषयाशी निगडित आहे. पर्युषण, पूजा, यात्रा किंवा घरचे लग्न जवळ आले, की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. बहुधा नवरा किंवा दीरच त्या आणतो आणि गोळ्यांचे नाव कागदावर लिहून नेतो. या गोळ्यांत सामान्यतः नॉरइथिस्टेरॉन असते. ते प्रोजेस्टेरॉनच्याच वंशातील औषध आहे. म्हणजे ज्या संप्रेरकाच्या दिवसांत स्तन दुखतात, तेच दिवस आपण गोळीने लांबवितो. स्तनांचा दुखरेपणा, डोकेदुखी, मळमळ हे तिचे परिचित दुष्परिणाम आहेत. ज्यांच्या शिरांत पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा ज्यांना यकृताचा विकार असेल, त्यांना ही गोळी धोक्याची ठरू शकते. धार्मिक कार्यात अडचण येऊ नये ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु वर्षातून चार-पाच वेळा, तपासणीविना, घरातील इतरांच्या सोयीच्या तारखांसाठी एका स्त्रीच्या अंगातील चक्र मागेपुढे करणे ही गोष्ट एवढी सहज मानली जाऊ नये, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे.

प्रत्येक दुखणे चक्रीय नसते, आणि नोंदवहीचा दुसरा उपयोग तेथेच आहे. चौकटी पाळीशी काही संबंध न ठेवता कशाही काळ्या झाल्या असतील, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. गठ्ठे आणि पोती उचलणाऱ्या घरांत कित्येकदा दुखते ते स्तन नसून त्यामागची बरगडी असते. बरगडीच्या सांध्यावर बोट दाबताच नेमके तेच दुखणे जागे होते. पाळी चुकली आणि स्तन दुखत आहेत, तर प्रथम गर्भधारणेची चाचणी करावी. पाळी येऊन गेली तरी न जाणारी गाठ, एकाच जागी सतत राहणारे दुखणे, स्तनाग्रातून येणारे रक्त किंवा आपोआप गळणारा स्राव, आत ओढले गेलेले स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी झालेली किंवा खळी पडलेली त्वचा, काखेतील गाठ यांपैकी काहीही दिसल्यास दोन महिने नोंद करीत बसू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. स्वतः पाहायचे असेल तर पाळी संपल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत पाहावे. पाळीआधी चाचपले तर प्रत्येक दाणा गाठच वाटतो.

पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीच्या स्तनात नव्याने काही जाणवू लागले, तर त्यास चक्राचे कारण उरत नाही. दुर्दैवाने या वयाच्या स्त्रियाच तपासणीस सर्वांत कमी येतात. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या वैद्यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या गटात कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यासाठी यंत्र लागले नाही. लागला तो प्रशिक्षित हात आणि तपासून घेण्याची तयारी. सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशीपुढील स्त्रियांसाठी अशी तपासणी विनामूल्य उपलब्ध आहे.

दोन महिन्यांनी सून आणि सासूबाई पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेल्या, तेव्हा लाल वही पिशवीत होती. डॉक्टरबाईंनी दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली, मापाच्या ब्रेसिअरविषयी सांगितले, मलमाचे नाव लिहून दिले आणि आणखी एक महिना नोंद चालू ठेवण्यास सांगितले. सुनेने विचारले, “म्हणजे तपासण्या आता नकोत ना?” “आत्ता नकोत. पण वर्षातून एकदा येऊन दाखवत जा. आत्या होत्या तुझ्या, हे विसरायचं नाही.”

वही मिटून परत देताना त्यांनी सासूबाईंकडे पाहिले.

“काकू, तुमचं वय काय?”

“बासष्ट पूर्ण झाली.”

“तुमची तपासणी शेवटची कधी झाली?”

सासूबाई हसल्या. “मला काय दुखतंय? माझं तर सगळं थांबूनही बारा वर्षं झाली.”

“म्हणूनच विचारते.”

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सुनेने त्यांच्या हातातील पिशवी आपल्याकडे घेतली आणि म्हणाली, “आई, काही नाही म्हणू नका.”

सासूबाईंनी चष्मा काढून तिच्या हाती दिला आणि त्या पडद्यामागे गेल्या.